आप्पांनी सांगितलेला शेवट

दुपारचा खेळ रद्द करून दादा धाकट्या भावाकडे सिनेमा बघायला निघाला, हे डोअरकीपरला खरंच वाटेना. दादाचे वडील, आप्पा, वारले त्या दिवशीसुद्धा संध्याकाळचा खेळ झाला होता, कारण आप्पांचीच तशी ताकीद होती. घरात काहीही होवो, तिकीट काढून आलेल्याला परत पाठवायचं नाही, असं ते म्हणत. आज तिकीट काढायलाच कुणी आलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. वहिनीने तिकिटाच्या खिडकीची फळी आतून ओढून घेतली, खुर्चीवरची उशी कपाटात टाकली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, माई तिकडे वाट बघत असतील."

तिला आनंद झाला होता आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती खबरदारी घेत होती. थिएटरची इमारत एका कंपनीला गोदामासाठी हवी होती आणि उद्या त्यांना हो किंवा नाही कळवायचं होतं. इमारत माईच्या आणि दोन्ही मुलांच्या नावावर. दादाचा नकार, धाकट्याचा होकार, म्हणजे माईच्या शब्दावर सगळं येऊन ठेपलेलं. वहिनीला कुणी विचारलं नव्हतं. ती औषधशास्त्र शिकून या घरात आली होती आणि इतकी वर्षं तिने तिकिटं फाडली होती. धाकटी जाऊ दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्याखालच्या औषधांच्या दुकानात शिकलेलं माणूस हवं होतं, आणि तिने हळूच वहिनीचं नाव तिथे सांगून ठेवलं होतं. थिएटर बंद झालं तर वहिनी सुटत होती. चालू राहिलं तर खिडकी सुटत नव्हती. पण तिने नवऱ्याला ताकास तूर लागू दिली नव्हती.

लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी तिने नोकरीचा विषय काढून पाहिला होता. सासूने नाही म्हटलं नव्हतं. माईने तिला फक्त पुलाच्या सिनेमाची गोष्ट सांगितली होती. वहिनी काय ते समजली आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीवर बसू लागली.

स्कूटरवर मागे बसून जाताना दादा काय म्हणतोय ते वाऱ्यात तिला धड ऐकू येत नव्हतं. तो म्हणत होता, माई थिएटर विकू देणार नाही. तिने हूं म्हटलं.

*

धाकट्याने सकाळपासून खोलीतलं सामान दोनदा हलवलं होतं. घरोघरी मोठे पडदे आणि स्पीकर बसवून देणं हाच त्याचा धंदा, त्यामुळे स्वतःच्या घरात त्याने हात आखडता घेतला नव्हता. एक अख्खी भिंत पडद्याने खाल्ली होती. माई आदल्या संध्याकाळीच राहायला आली होती. खोलीत पाऊल टाकताच ती म्हणाली होती, "नाकापेक्षा मोती जड झालाय रे."

दादाच्या मते घरभेद्या तो हाच. भाऊ थिएटर चालवतोय आणि हा गिऱ्हाईकं घरी बसवतोय, असं दादा चारचौघांत बोलून दाखवायचा. धाकट्याला ते लागायचं. थिएटर त्याने बुडवलेलं नव्हतं. मोडक्या खुर्च्या, ठिगळ लावलेला पडदा आणि पहिल्या रांगेत पाय पसरून झोपलेलं कुत्रं, हे सगळं त्याच्या धंद्याच्या आधीपासूनचं होतं. त्याला दादाला हरवायचंही नव्हतं. दादाने आपल्याबरोबर धंद्यात यावं, असं त्याच्या मनात होतं, आणि ते सरळ सांगायची त्याला लाज वाटत होती. म्हणून त्याने माईचा वाढदिवस पुढे केला आणि माईचा आवडता सिनेमा बऱ्याच खटपटीने शोधून काढला. पुलाचा सिनेमा. एकदा माई आरामात टेकून घरी सिनेमा बघेल, मग तिचं मन आपोआप वळेल, असा त्याचा हिशोब.

थिएटरवाल्यांच्या घरात कुणीच सिनेमा पुरता पाहिलेला नसतो, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. माई खिडकीवर असायची. उशिरा येणारे आले, की मग ती खिडकी बंद करून आत जायची. तोवर पडद्यावर बरंच रामायण घडून गेलेलं असे. शेवटाचं तर नावच नको. एकदा खेळ सुटताना बंद दाराशी चेंगराचेंगरी होऊन एका बाईचा हात मोडला होता. तेव्हापासून लोक उठायच्या आत सगळी दारं उघडी पाहिजेत, असा आप्पांचा दंडक झाला. मग एका दाराबाहेर माई, दुसऱ्या दाराबाहेर दादा, आणि धाकटा जरा मोठा झाल्यावर सायकल स्टँडवर. पुरता सिनेमा बघायचे ते एकटे आप्पा, कारण ते वर मशीनच्या खोलीत असत. जेवायला बसलं, की ते सगळ्यांना सुरुवात आणि शेवट सांगत. आपल्याकडे सिनेमाचं नुसतं धड आहे, डोकं आणि पाय ह्यांच्याकडे, असं माई म्हणायची. गावाला शेवट ठाऊक असे. पण थिएटरवाल्यांना शेवट सांगायला कोण जाईल? त्यांना तो माहीत असणारच, असं सगळे धरून चालत.

*

जेवताना वाद झालाच. दादाने तोंडात घास असतानाच सुरुवात केली. त्याचं म्हणणं असं, की घरी माणूस सिनेमा बघतच नाही. एक जण पाणी प्यायला उठतो, दुसऱ्याला फोन येतो, मग थांबव, मागे ने, परत लाव. ह्याला बघणं म्हणत नाहीत, चरणं म्हणतात. थिएटरात माणूस घड्याळ विसरतो. शेजारचा अनोळखी माणूस हसला, की आपल्यालाही हसू फुटतं, ते घरी कुठून आणणार?

धाकट्याने विचारलं, शेजारी अनोळखी माणूस आता असतो कुठे? त्यावर वहिनीने पटकन भाजीचं भांडं दादापुढे सरकवलं. धाकटी जाऊ म्हणाली, गुडघे दुखणाऱ्या माणसाला थिएटरच्या पायऱ्या चढायला लावणं काही बरं नाही. गुडघे माईचे होते. आपल्यावरून बोलणं चाललंय हे माईला कळत होतं. तिने कुणाचीच बाजू घेतली नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, की सिनेमा कोणता लावणार आहेस.

"पुलाचा," धाकटा म्हणाला.

दादा मनातून खूश झाला. गडी आपणहून आपल्या पायावर धोंडा मारून घेतोय, असं त्याला झालं. नोकरीवर रुजू व्हायला निघालेली एक शिक्षिका वाटेतला पूल वाहून गेल्यामुळे एका घड्याळजीच्या घरी अडकते. घड्याळजीला बायको नाही, दोन लहान मुलं आहेत. ती विस्कटलेलं घर मार्गी लावते. मग पूल दुरुस्त होतो, सगळ्यांना वाटतं ही आता जाणार; पण ती ट्रंक उघडते आणि कपडे परत कपाटात लावते. जाता येत असताना राहणारी बाई. माईने ही गोष्ट मुलांना, सुनांना, कुणाला सांगितली नव्हती? हा सिनेमा बघून माईने थिएटर विका म्हणणं शक्यच नव्हतं. दादाने ताटातलं सगळं संपवलं आणि धाकट्याच्या बायकोच्या हातच्या स्वयंपाकाचं तोंड भरून कौतुक केलं.

*

खिडक्यांचे पडदे ओढले आणि भर दुपारी खोलीत अंधार झाला. माई मधल्या कोचावर, तिच्या एका अंगाला दादा, दुसऱ्या अंगाला वहिनी. धाकटा आणि त्याची बायको खाली गादीवर. मक्याच्या लाह्यांचं पातेलं मध्ये.

सिनेमा सुरू झाला तशी माई पुढे सरकून बसली. आगगाडीतून उतरणारी बाई, तिची ट्रंक, ट्रंकेची तुटलेली कडी, नदीकाठी थांबलेली माणसं. आप्पांनी जसं सांगितलं होतं तसंच. अगदी ती कडी दोरीने बांधलेली होती इथपर्यंत. "बघ, दोरी," माई दादाला कोपराने ढोसून म्हणाली. "हे म्हणाले होते."

दादा हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण आयुष्यात पहिल्यांदाच आईशेजारी बसून सिनेमा बघतोय. स्वतःचं थिएटर असून हे कधी घडलं नव्हतं. तिथे तो एका दाराशी उभा आणि ती दुसऱ्या दाराशी. ह्या विचाराने त्याला वाईट वाटलं आणि धाकट्याचा रागही आला, कारण ही जागा धाकट्याने दिली होती. त्याने लाह्या खाल्ल्या. माईच्या अंगाला ओव्याच्या पाण्याचा वास येत होता, तो त्याला लहानपणापासून ओळखीचा होता.

सिनेमा मध्यावर आला तशी माई पुढची वाक्यं आधीच पुटपुटायला लागली. कुणाचा फोन वाजला नाही, कुणी पाणी मागितलं नाही. धाकट्याने हे मनात टिपून ठेवलं.

मग पुलावर शेवटची फळी ठोकली गेली आणि गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याबरोबर दादा उठला. वहिनीही उठली. माई पायाने चपला चाचपडू लागली. तिघांपैकी कुणीही काही ठरवलं नव्हतं. दादा खोलीच्या दारापर्यंत गेला, त्याने कडी काढली आणि दार धरून उभा राहिला.

धाकट्याची बायको आधी घाबरली. कुणाला बरं वाटत नाही का, असं तिने विचारलं. धाकट्याला मात्र हसू आवरेना. "अरे बसा," तो म्हणाला. "इथे चेंगराचेंगरी करायला कोण आहे?"

सगळेच हसले. दादा ओशाळून परत येऊन बसला, वहिनी बसली, माईने चपला पुन्हा काढल्या. आणि म्हणून त्या घरातल्या माणसांनी पुलाच्या सिनेमाचा शेवट पाहिला.

बाईने ट्रंक उघडली नाही. तिने ट्रंकेची दोरी घट्ट केली. मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला, घड्याळजीला सांगितलं, की गिरणीचं दळण उद्या आणायचं आहे, आणि ती चालायला लागली. पुलाच्या मधोमध ती थांबली. दादा पुढे सरकला. तिने ट्रंक या हातातून त्या हातात घेतली आणि ती पुढे गेली. पलीकडे शाळेची घंटा वाजत होती.

*

कुणी दिवा लावला नाही.

"हे काहीतरी नंतर कापाकापी केलेलं आहे," दादा म्हणाला. "मूळचं असं नाही."

धाकट्याने सांगितलं, की हे मूळचंच आहे. जुनी रिळं धुऊन पुसून घेतली आहेत, कात्री कुठेच लावलेली नाही. हे सांगताना त्याचाही आवाज पडला होता. दादाने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ती पुलाच्या मधोमध थांबली, पुन्हा तिने हात बदलला, पुन्हा गेली.

माईला पडद्यावरचं दिसत होतं आणि तिला घरातलं जुनं जेवणाचं टेबलही दिसत होतं. तेव्हा दादा शाळेत जायला लागला होता आणि धाकटा मांडीवर होता. लग्नाआधी ती शिकवायची. त्या दिवसांत तिला दुसऱ्या गावच्या शाळेत जागा चालून आली होती. तिने आप्पांना सांगितलं होतं. भांडण झालं नव्हतं. आप्पा म्हणाले होते, तुझं तू ठरव. ती मुलांना घेऊन जाणार होती, आप्पा सुटीच्या दिवशी येणार होते, इथपर्यंत तिने मनाशी जुळवलं होतं. थिएटरात तेव्हा हाच सिनेमा चालू होता. रोज ती त्या बाईला घर आवरताना बघायची आणि पुलावर फळी ठोकली, की उठून दाराशी जायची. एका संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, शेवटी ती जाते का हो? आप्पांनी भात कालवता कालवता सांगितलं, नाही जात. ट्रंक उघडते आणि कपडे कपाटात लावते. आधी पातळं, मग झंपर, मग पुस्तकं.

पुस्तकंसुद्धा सांगितली होती. माईला आता त्या पुस्तकांचा संताप आला. नुसतं राहते म्हणाले असते तर एक वेळ चाललं असतं. माणूस बसल्या जागी पुस्तकं रचतो म्हणजे काय?

"मला शाळेत नोकरी लागली होती," ती म्हणाली. "तुम्हा दोघांना माहीत नाही."

मग तिने सगळं सांगितलं. ती शांतपणे सांगत होती, फक्त मधे मधे तिचा हात लाह्यांच्या पातेल्याकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा.

दादाला ते सहन होईना. आप्पांवर त्याने कधी कुणाला बोट ठेवू दिलं नव्हतं. "तुला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील गं," तो म्हणाला.

"मला बरं वाटावं म्हणून नाही. मी राहावं म्हणून." माईने त्याच्याकडे वळून पाहिलं. "तुझं तू ठरव म्हणाले, आणि मग ठरवू दिलं नाही. जाऊ नकोस म्हणाले असते तर मी भांडले तरी असते."

धाकट्याने उठून खिडकीचा पडदा सरकवला. उन्हाने सगळ्यांचे डोळे मिटले. त्याला वाटलं होतं त्यापेक्षाही माईचं मन जास्त वळलं होतं, आणि आता त्याला ते नको होतं. आजचा विषय राहू दे, कंपनीला आपण आणखी मुदत मागू, असं तो म्हणाला. पण माई म्हणाली, विषय आजच संपवायचा.

"पण माझा शब्द मागू नका," ती म्हणाली. "मला कशाचा काय शेवट असतो ते कळत नाही, हे आत्ताच दिसलं. हिला विचारा. हिला मी तीच गोष्ट सांगून खिडकीवर बसवलंय."

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. इतकी माणसं एकदम आपल्याकडे बघताहेत याची तिला सवय नव्हती. खिडकीतून एका वेळी एकच तोंड दिसायचं. तिने आधी जावेकडे पाहिलं. जाऊ मान खाली घालून गादीवरच्या लाह्या वेचत होती.

"माई, तुम्हीही मुद्दाम नाही केलंत," ती म्हणाली.

"ते राहू दे. तुला काय हवंय ते सांग."

वहिनी दादाकडे वळली. "मला औषधांच्या दुकानात जायचंय. पहिल्यापासूनच जायचं होतं. थिएटर राहिलं तरी जायचंय आणि गेलं तरी. तुम्ही चालवणार असाल तर चालवा. पण मी खिडकीवर बसणार नाही."

दादाने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आप्पांसारखे," वहिनी म्हणाली. "तुम्हाला सगळं ठाऊकच असतं."

हे तिने रागाने म्हटलं नाही, म्हणूनच ते दादाला लागलं. त्याने मनातल्या मनात उद्याचं थिएटर पाहिलं. खिडकीत दुसरं कुणीतरी, दाराशी तो एकटा, आत रिकाम्या खुर्च्या, आणि तरी पुलावर फळी ठोकली, की दार उघडायला उठायचं. हे थिएटर त्याने माईसाठी धरून ठेवलं होतं, असं तो सांगायचा. खरं तर ते त्याला आवडत होतं, अंधारातल्या माणसांचा एकत्र श्वास ऐकायला त्याला आवडत होतं, आणि ती माणसं केव्हाच येईनाशी झाली होती. त्याला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही, नुसतं बाहीने नाक पुसलं.

"कळव त्यांना," तो धाकट्याला म्हणाला. "उद्या होकार कळव. सह्या करायला मी येतो."

धाकटा त्याच्या पायाशी गादीवर बसला. धंद्यात ये, हे सांगायची वेळ आत्ता नव्हती एवढं त्याला समजलं. वहिनी उठून माईसाठी पाणी घेऊन आली. माईने ते सगळं पिऊन टाकलं आणि पेला मांडीवर धरून ती पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिली.

तिला हलकं वाटावं म्हणून धाकटा म्हणाला, "माई, आप्पांनी खरा शेवट सांगितला असता तरी तू राहिलीच असतीस. आप्पांना सोडून कुठे जाणार होतीस?"

"राहिले असते," माई म्हणाली. "बहुतेक राहिलेच असते. माझं काही वाईट चाललं नव्हतं." तिने पेला वहिनीच्या हातात परत दिला. "पण ते आता मला कधीच कळायचं नाही."